पंखे फिरतायत पण स्क्रीन काळी: पीसी दुकानात न्यायच्या आधी घरी काय काय बघायचं

"पीसी चालू होतोय रे, पंखे फिरतायत, लाईटपण लागतीये, फक्त स्क्रीनवर काही येत नाहीये" असा फोन आला की मी आधी एकच गोष्ट करायला लावतो. कीबोर्डवरचं नमलॉक दाबा आणि त्याचा तो छोटा दिवा लागतो-विझतो का सांगा. समोरच्याला वाटतं हा आपल्याला कटवतोय, पण खरं सांगू का, पुढचं अर्धं काम या एका बटणावर ठरतं.

कारण पंखा फिरतोय याचा अर्थ एवढाच की एसएमपीएसमधून, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यातून, १२ व्होल्ट येतायत. पंख्याला रॅम, प्रोसेसर, बायोस (पीसीत सगळ्यात आधी चालणारं सॉफ्टवेअर) यांच्याशी काही देणंघेणं नसतं, वीज मिळाली की तो फिरणार. जिन्यातला दिवा लागला म्हणून घरात कोणी आहे असं थोडीच असतं. बटण दाबल्यावर मदरबोर्ड, म्हणजे सगळे पार्ट ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड, आधी प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स हे सगळं जागेवर आहे का तपासतो, त्याला पोस्ट म्हणतात, आणि ते पार पडलं की मगच पीसी चालू झाला म्हणायचं. नमलॉक दाबल्या दाबल्या दिवा बदलत असेल तर पोस्ट बहुतेक झालंय, पीसी आत मजेत चालू आहे आणि घोळ मॉनिटर, केबल, पोर्ट नाहीतर ग्राफिक्स कार्डाच्या बाजूला आहे. दिवा ढिम्म असेल तर पीसी आतच कुठेतरी अडकलाय.

कीबोर्डला दिवाच नसेल तर शेजाऱ्यांचा साधा वायरवाला कीबोर्ड मागून आणा आणि तो मागच्या यूएसबी पोर्टला लावा, पुढच्या पॅनेलला किंवा हबला नको. अजून एक खूण म्हणजे विंडोजचा पासवर्ड आंधळेपणानेच टाईप करून एंटर मारा, स्पीकरमधून आवाज आला किंवा हार्डडिस्कचा दिवा लुकलुकायला लागला तर पीसी जिवंत आहे.

मी काही हार्डवेअरवाला नाही, पुण्यात हिंजवडीला साधी नोकरी करतो, पण बिल्डिंगमधल्या, नात्यातल्या आणि नात्यातल्यांच्या ओळखीतल्या लोकांचे पीसी बघून बघून जे हाती लागलंय ते इथे ज्या क्रमाने मी बघतो त्याच क्रमाने लिहितोय. फुकटातलं आणि सोपं आधी, खर्चाचं आणि धोक्याचं शेवटी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि चालू करून बघायचं, नाहीतर रॅमपण काढली, बॅटरीपण काढली, केबलपण बदलली आणि डिस्प्ले आला, मग नेमकं काय बिघडलं होतं ते देवालाच माहीत, आणि आठवड्याने परत तेच झालं की पुन्हा शून्यापासून सुरुवात.

नमलॉक चालतंय, म्हणजे घोळ बाहेरच्या बाजूला

मॉनिटर आधी एकटा तपासा. मॉनिटर चालू ठेवून त्याची पीसीकडून आलेली केबल मॉनिटरच्या बाजूने काढा. धड मॉनिटर असेल तर तो "नो सिग्नल" किंवा "केबल तपासा" असं काहीतरी दाखवणारच. तेही दाखवत नसेल तर पीसी उघडायची गरज नाही, मॉनिटर नाहीतर त्याचा ॲडॅप्टर गेलाय. यात एक गंमत असते, कधीकधी मॉनिटरचा फक्त बॅकलाईट जातो. मग खोलीत अंधार करून मोबाईलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका मारा, चित्र अगदी पुसट दिसलं तर पॅनेल चालू आहे, मागचा उजेड गेलाय.

मग इनपुट. मॉनिटरच्या खालच्या बटणातून एचडीएमआय, डीपी (डिस्प्लेपोर्ट), व्हीजीए यातलं जे लावलंय तेच निवडलंय का बघा. साफसफाई करताना फडक्याने ते बटण दाबलं जातं आणि घरात कोणालाच पत्ता नसतो, दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात मला येणारे निम्मे फोन याचेच असतात.

केबल दोन्ही बाजूंनी काढून परत लावा. डिस्प्लेपोर्टच्या केबलला खटका असतो, तो बसल्याचा आवाज आला पाहिजे. व्हीजीए असेल तर आतली एखादी पिन आडवी झालीये का बघा. कन्व्हर्टर वापरत असाल तर तो पहिला संशयित, कारण एचडीएमआयमधून व्हीजीए करणाऱ्या त्या छोट्या डबीत एक चिप असते, ती तापते आणि मरते. शिवाय या गोष्टी एकाच दिशेने चालतात. एका टोकाला डिस्प्लेपोर्ट आणि दुसऱ्या टोकाला एचडीएमआय अशी जी साधी केबल मिळते ती पीसीकडे डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरकडे एचडीएमआय अशीच चालते, उलटी लावली तर आयुष्यभर काळंच दिसणार आणि केबलमध्ये दोष काहीच नसणार.

आता सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक. माझ्या आत्याच्या मुलाने नवीन ग्राफिक्स कार्ड घेतलं, हौसेने बसवलं, आणि मॉनिटरची केबल होती तिथेच म्हणजे मदरबोर्डाच्या पोर्टलाच ठेवली. रात्री साडेअकराला फोन, "दादा, कार्ड डेड आलंय, रिटर्न करतो." म्हटलं, "अरे, फोटो पाठव आधी." फोटोत कार्डाच्या पोर्टांवरची प्लास्टिकची टोपणंसुद्धा निघाली नव्हती. कार्ड बसवलं की बरेच मदरबोर्ड आपलं स्वतःचं आउटपुट बंद करून टाकतात, म्हणून केबल कार्डालाच लावायची. मागून बघितलं तर मदरबोर्डाचे पोर्ट यूएसबीच्या शेजारी असतात आणि कार्डाचे त्याखाली आडव्या पट्टीत.

याचं उलटंही होतं. कार्ड नाही, केबल मदरबोर्डाला लावलीये आणि प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सच नाही. इंटेलच्या नावाच्या शेवटी एफ असेल, जसं आय फाईव्ह १२४००एफ, तर त्यात ग्राफिक्स नसतं. एएमडीच्या रायझनमध्ये ३६०० किंवा ५६०० सारख्या, शेवटी जी नसलेल्या प्रोसेसरांतही नसतं. ७००० सिरीजपासून बहुतेकांत थोडंफार असतं, तिथेही एफवाले सोडून. अशा पीसीतलं कार्ड कोणी काढून नेलं तर मदरबोर्डाचा एचडीएमआय पोर्ट नुसता शोभेला. सेकंडहँड पीसी घेताना हे आवर्जून बघा.

एवढं करून नाही आलं तर पीसी उचलून टीव्हीला लावून बघा. टीव्हीवर आलं आणि मॉनिटरवर नाही, विषय संपला. डिस्प्लेपोर्टवर सुरुवातीचं काहीच दिसत नाही पण विंडोज आल्यावर चित्र येतं असं होत असेल आणि कार्ड एनव्हिडियाचं ९०० किंवा १००० सिरीजचं असेल, तर ती काही नवीन मॉनिटरांबरोबरची माहितीतली भानगड आहे, एनव्हिडियाने त्यासाठी कार्डाच्या आतल्या सॉफ्टवेअरचं (फर्मवेअरचं) अपडेट काढलेलं आहे, तोपर्यंत एचडीएमआयने काम चालवा.

टीव्हीला लावताना एक काळजी मात्र घ्या. पेठांमधल्या जुन्या वाड्यांत तीन पिनांचं सॉकेट असतं पण तिसऱ्या भोकाच्या मागे वायरच नसते. अर्थिंग नसेल तर एसएमपीएसच्या फिल्टरमुळे कॅबिनेटवर निम्म्या दाबाची वीज बसलेली असते, हात लावला की झिणझिण्या येतात त्या याच्याच. अशा पीसीची एचडीएमआय चालू अवस्थेत टीव्हीत खुपसली तर पोर्ट जळू शकतं. दोन्ही बंद करा, दोन्हीचे प्लग काढा, केबल लावा, मग चालू करा.

नमलॉक ढिम्म, म्हणजे आता कॅबिनेट उघडायचं

आधी प्लग भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून भागणार नाही, आणि मग पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. गंमत म्हणजे काही वेळा एवढ्यानेच डिस्प्ले येतो, विशेषतः गुरुवारी लाईट जाऊन-येऊन झाल्यावर. आपल्याकडे गुरुवार म्हणजे महावितरणच्या कामांचा वार, संध्याकाळी लाईट येताना एकदोनदा झटके देऊनच येते आणि यूपीएसची बॅटरी मेलेली असेल तर पीसी अर्धवट अवस्थेत लटकतो.

डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी असते तेव्हा स्वेटर घालून पीसीत हात घालू नका. आधी खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावा, मगच पार्टला. आणि एसएमपीएसचा डबा कधीच उघडायचा नाही, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जोरदार झटका बसेल इतकी वीज राहते.

मग कीबोर्ड आणि मॉनिटर सोडून बाकी सगळं काढा. प्रिंटर, पेनड्राईव्ह, वेबकॅम, बाहेरची हार्डडिस्क, सगळं. पुढच्या यूएसबी पोर्टात आतली जीभ वाकून पिना एकमेकींना टेकल्या असतील तर तेवढ्यानेही बोर्ड अडकतो, म्हणून पोर्टात टॉर्च मारून बघा. कॅबिनेट उघडलंच आहे तर डोळे आणि नाकही वापरा. जळका वास येतोय का, कुठला कपॅसिटर डोक्यावर फुगलाय का, कुठे झुरळ किंवा पालीचं पिल्लू सद्गतीला गेलंय का. हसू नका, एका वाड्यातल्या पीसीच्या एसएमपीएसच्या जाळीत मी मुंग्यांची अख्खी वसाहत बघितलीये.

पीसी नवीन असेल आणि रॅम डीडीआर५ असेल तर आधी थांबा. पहिल्यांदा चालू करताना, रॅम बदलल्यावर किंवा बायोस रिसेट केल्यावर बोर्ड रॅमशी जुळवून घेत बसतो, त्यात काही मिनिटं काळी स्क्रीन राहते आणि मधेच एकदा बंद होऊन आपोआप चालूही होतो. लोक दोन मिनिटांत घाबरून बटण दाबतात आणि ते काम परत पहिल्यापासून सुरू होतं. चहा टाका, पंधरा मिनिटं हात लावू नका.

बोर्ड स्वतःच सांगतो, ऐकायला शिका

गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच मदरबोर्डांवर चार छोटे दिवे असतात, शेजारी बारीक अक्षरांत सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असं लिहिलेलं असतं. चालू केल्यावर ते एकामागून एक लागून विझतात आणि जिथे अडतं तो लागलेलाच राहतो. डीरॅमवर अडला तर रॅम, व्हीजीएवर अडला तर ग्राफिक्स. बूटवर अडला तर डिस्प्लेपर्यंतचा रस्ता बहुतेक मोकळा आहे, म्हणजे परत केबलकडे जा. सीपीयूचा दिवा मात्र थोडा फसवा, तो लागला म्हणजे प्रोसेसर गेला असं नाही, त्याची पॉवर केबल लावलेली नसेल तरी तोच लागतो.

दिवे नसतील तर बोर्डावर स्पीकर असं लिहिलेल्या चार पिना शोधा आणि तिथे तो शेंगदाण्याएवढा छोटा स्पीकर लावा. पुण्यातल्या तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, किरकोळ पैशात मिळतो, एकाच्या जागी दोन आणा कारण हरवतो. बीप कशा वाजतात ते मोजा, पण अर्थ आपल्या बोर्डाच्या कंपनीच्या मॅन्युअलमध्येच बघा. एक लांब आणि दोन छोट्या बीप आल्या तर जुन्या अवॉर्ड बायोसमध्ये त्याचा अर्थ ग्राफिक्सचा घोळ, आणि तीच बीप असूसच्या बोर्डावर आली तर रॅम सापडत नाहीये. असूसमध्ये ग्राफिक्ससाठी एक लांब आणि तीन छोट्या. कुठलातरी व्हॉट्सॲपवर आलेला तक्ता बघून लोक चांगली कार्डं बदलत बसतात ते यामुळेच. आणि बीपच येत नसेल तर प्रोसेसर, त्याची पॉवर, बोर्ड नाहीतर बायोस, म्हणजे रॅमच्याही आधीचं काहीतरी.

रॅम

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण मी बघितलेल्यांत निम्म्याहून जास्त पीसी इथेच सुटलेत.

दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये, आठ दिवस ऊन दिसलं नव्हतं तेव्हा, आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांचा पीसी असाच बसला. सोसायटीचे हिशोब त्यात, वार्षिक सभा तोंडावर. काकांनी रिक्षात घालून तो एका दुकानात नेला, तिथे तासाभरात निदान झालं, मदरबोर्ड गेलाय, सात हजार होतील. काका तसे कशालाच लगेच हो म्हणत नाहीत, पीसी परत घेऊन आले आणि माझ्या दारात उभे. "बघ रे जरा, सात हजार म्हणतोय, सात हजारात माझा मॉनिटर आला होता." मी रॅम काढली, सोनेरी पट्ट्यांवर काळपट थर चढलेला, लेकाच्या दप्तरातला खोडरबर घेतला, घासला, परत बसवली आणि स्क्रीनवर लोगो. काकांनी खोडरबराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हा पाच रुपयांचा ना?"

तर करायचं असं. प्लग काढलेला. रॅमच्या दोन्ही टोकांची क्लिप उघडा, काही बोर्डांवर एकाच बाजूला क्लिप असते, दुसरी बाजू घट्टच असते, ती उघडायला जाऊन मोडू नका. रॅम कडेने धरून सरळ वर काढा. पांढरा मऊ खोडरबर घ्या, शाईचा निळा खरखरीत नको, त्याने सोन्याचा मुलामाच निघतो. सोनेरी पट्ट्यांवर हलक्या हाताने लांबीच्या दिशेने फिरवा, दोन्ही बाजूंनी, आणि हे काम बोर्डापासून लांब करा कारण रबराचा चुरा स्लॉटात गेला की रोगापेक्षा औषध भारी. मग कोरड्या सुती कापडाने पुसा. आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळालं तर उत्तमच. सॅनिटायझरचं जेल, डिओ, स्पिरिटच्या नावाखाली घरात असलेलं काहीही, यातलं काही वापरू नका. स्लॉटात मऊ ब्रश फिरवा, तोंडाने फुंकर नको, थुंकी उडते.

परत बसवताना रॅमची खाच आणि स्लॉटचा उंचवटा जुळवा आणि दोन्ही टोकांवर अंगठ्याने चांगला जोर द्या. टक असा आवाज येऊन क्लिप आपोआप वर आली पाहिजे, एका बाजूची आली आणि दुसरी नाही म्हणजे रॅम तिरकी बसलीये. लोक इथे घाबरून कमी जोर देतात.

दोन रॅम असतील तर आता एकच लावा. चार स्लॉटच्या बोर्डात प्रोसेसरपासून मोजून दुसरा स्लॉट, बहुतेक बोर्ड एक रॅम तिथेच मागतात, त्याला ए२ म्हणतात. नाही चाललं तर दुसरी रॅम तिथेच. दोन्हीपैकी एकीवर येत असेल तर दुसरी खराब. एकच रॅम सगळ्या स्लॉटात चालते आणि एका स्लॉटात नाही तर तो स्लॉट खराब, तो सोडून द्या आणि वापरा. एका बैठकीत हे सगळं होतं, फक्त प्रत्येक वेळी प्लग काढायचा कंटाळा करू नका.

सेल आणि बायोस

बोर्डावर एक रुपयाच्या जुन्या नाण्यासारखा चपटा सेल असतो, सीआर२०३२, तीन व्होल्टचा. मल्टीमीटरवर २.८ च्या खाली दाखवत असेल तर बदला, ५० रुपयांच्या आत मिळतो. सेल मेला म्हणून बहुतेक पीसी अडत नाहीत, नुसती तारीख चुकते, पण काही ब्रँडेड पीसी आणि जुने बोर्ड अडतात.

बायोस रिसेट मात्र करूनच बघा, खासकरून रॅमचा स्पीड वाढवला असेल किंवा बायोसमध्ये काहीतरी फिरवलं असेल आणि त्यानंतर स्क्रीन गेली असेल तर. प्लग काढा, पॉवर बटण दाबून वीज काढा, सेल काढून पाच-दहा मिनिटं ठेवा, परत लावा. किंवा बोर्डावर सीएलआरटीसी, जेबॅट१ असं काहीतरी लिहिलेल्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने दहा सेकंद टेकवा.

याला दोन तळटीपा. विंडोज ११ मध्ये ड्राईव्ह एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, केलेली असते बऱ्याचदा, रिसेटनंतर ती रिकव्हरी की मागू शकते, ती आपल्या मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमध्ये असते, फोनवर उघडून आधीच बघून ठेवा. दुसरं असं की खूप जुनं ग्राफिक्स कार्ड नव्या बोर्डावर सीएसएम नावाच्या, जुनं हार्डवेअर चालवून घेणाऱ्या सेटिंगच्या जोरावर चालत असतं, सेल संपला किंवा रिसेट केला की ते सेटिंग उडतं आणि कालपर्यंत चालणारं कार्ड आज काळं. अशा वेळी कार्ड काढून मदरबोर्डाच्या पोर्टवरून बायोसमध्ये जा आणि सीएसएम परत चालू करा, जर प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर. नसेल तर थोडं नवं कार्ड कोणाकडून तरी तात्पुरतं मागून आणा आणि त्यावरून करा.

पॉवरच्या केबली

बोर्डाला दोन केबली लागतात हे खूप जणांना माहीतच नसतं. एक मोठी २४ पिनांची, आणि दुसरी प्रोसेसरच्या जवळ, वरच्या डाव्या कोपऱ्यात, चार किंवा आठ पिनांची. ती दुसरी राहिली असेल किंवा सैल असेल तर पंखे फिरतात, दिवे लागतात आणि पुढे काही होत नाही, म्हणजे तंतोतंत आपली तक्रार. आठ पिनांची केबल ग्राफिक्स कार्डाचीपण असते, दोन्हींचा आकार सारखा वाटतो पण वायरिंग उलटं आहे, एकीच्या जागी दुसरी दाबून बसवायची नाही. कार्डाची केबल बहुधा सहा अधिक दोन अशी तुटते, प्रोसेसरची चार अधिक चार.

ग्राफिक्स कार्डाला स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात, त्याच्यापुढचं सगळं वरच्या केबलीतून. ती न लावता कार्डाचा पंखा फिरला तरी चित्र येणार नाही.

ती पेपरक्लिपची चाचणी, हिरवी वायर काळीला टेकवून एसएमपीएस चालू करायची, आपल्या बाबतीत निरुपयोगी आहे. तिने एवढंच कळतं की एसएमपीएस चालू होतो, आणि ते आपल्याला पंखे बघून आधीच कळलंय. खरं मोजायचं ते पीसी चालू असताना, २४ पिनांच्या कनेक्टरच्या मागून मल्टीमीटरची सुई घालून. पिवळ्या वायरवर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५, केशरीवर ३.१४ ते ३.४६ व्होल्ट यायला हवेत. करड्या वायरवर ५ च्या आसपास हवेत, तो एसएमपीएसने बोर्डाला दिलेला "सगळं ठीक आहे" हा निरोप असतो, तो आला नाही तर बोर्ड पुढे सरकतच नाही. सगळ्या वायरी काळ्या असतील तर पिनांचा नकाशा बघून मोजा. मल्टीमीटर हातात कधी धरला नसेल तर हे सोडा, कोणाचा तरी चांगला एसएमपीएस तासभर मागून आणणं सोपं. कॅबिनेटबरोबर फुकट आलेला, उचलला तर रिकाम्या डब्यासारखा हलका लागणारा एसएमपीएस असेल तर माझा पहिला संशय त्याच्यावरच.

सगळं काढून टाका

इथपर्यंत येऊनही काळंच असेल तर ग्राफिक्स कार्ड काढा आणि मदरबोर्डाच्या पोर्टवर बघा, प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर. कार्ड परत बसवताना तेही रॅमसारखंच खोडरबराने पुसा. सध्याची जाडजूड कार्डं वजनाने लोंबतात आणि स्लॉटातून एका बाजूने सुटतात, खालून आधार दिला की कधीकधी तिथल्या तिथे चित्र येतं.

मग हार्डडिस्क, एसएसडी, सीडी ड्राईव्ह सगळ्यांच्या केबली काढा. खराब ड्राईव्हपण पोस्ट अडकवू शकते. उरलं काय, तर बोर्ड, प्रोसेसर त्याच्या पंख्यासकट, एक रॅम, एसएमपीएस. हे सगळं कॅबिनेटबाहेर काढून बोर्डाच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा आणि पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर टेकवून चालू करा. बाहेर चालला आणि कॅबिनेटमध्ये नाही, तर बोर्डाच्या मागे एखादा सुटा स्क्रू किंवा जास्तीचा पितळी खांब पत्र्याला टेकतोय. रिसेटचं बटण आत अडकून दाबलेलंच राहिलं असेल तरी पीसी असाच मुका राहतो, तेही यात आपोआप तपासून होतं.

प्रोसेसर सगळ्यात शेवटी, आणि तोही हात स्थिर असेल तर. प्रोसेसर स्वतः क्वचित मरतो. इंटेलच्या बोर्डात पिना सॉकेटमध्ये असतात, केसांसारख्या, एक वाकली तर एक रॅम चॅनल जातो किंवा बोर्ड मुका होतो. बोटाने स्पर्शसुद्धा करू नका, टॉर्चने तिरकं बघा, सगळ्या पिना एका रांगेत चमकतायत का. रायझनच्या एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात आणि वाळलेल्या पेस्टमुळे कूलर ओढला की प्रोसेसर त्याच्याबरोबर उपटून येतो, म्हणून कूलर आधी हलकेच डावीउजवीकडे फिरवायचा. पेस्ट नवीन लावायची, वाटाण्याएवढी बास. प्रोसेसर नवा आणि बोर्ड जुना असेल, जसं बी४५० बोर्डावर रायझन ५६००, तर बायोस जुनं असल्यामुळे बोर्ड त्याला ओळखतच नाही, तिथे बिघाड नाही, बायोस अपडेट हवंय.

लोगो येतो आणि मग काळं होतं

हा वेगळा आजार. हार्डवेअर बहुतेक ठीक आहे, विंडोजचं किंवा ड्रायव्हरचं काहीतरी आहे. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा, ग्राफिक्सचा ड्रायव्हर परत चालू होतो. दुसरा मॉनिटर किंवा टीव्ही कधी जोडला असेल तर चित्र तिकडे पाठवलं जात असेल, विंडोज आणि पी दाबून बघा. नाही झालं तर लोगो आल्यावर पॉवर बटण दाबून बंद करायचं असं दोन-तीनदा केलं की विंडोज दुरुस्तीच्या स्क्रीनवर येतं, तिथून सेफ मोडमध्ये जाऊन ड्रायव्हर काढा.

दुकानात न्यायचंच ठरलं तर

जावं लागतंच कधीकधी, त्यात कमीपणा नाही, बोर्डावरची चिप बदलणं घरी होत नाही. पण जाताना एसएसडी काढून घरी ठेवा, काळ्या स्क्रीनसाठी तुमचा डेटा कोणाला लागत नाही. रॅम, कार्ड, प्रोसेसर यांच्या स्टिकरचे फोटो काढून ठेवा. काय काय करून बघितलं ते कागदावर लिहून कॅबिनेटला चिकटवा, "एकेक रॅम लावून बघितली, सेल नवीन, कार्ड काढून बघितलं, पोस्ट होत नाही", असं वाचलं की समोरचा माणूसही सरळ मुद्द्यावर येतो. बोर्ड गेलाय म्हणाले तर तुमचीच रॅम आणि प्रोसेसर दुसऱ्या बोर्डावर लावून डिस्प्ले दाखवा म्हणायचं, पैसे द्यायच्या आधी, आणि बदललेला पार्ट परत मागायचा.

सेल, स्पीकर, केबल, कन्व्हर्टर असलं फुटकळ सामान तपकीर गल्लीतून आणून एका डब्यात ठेवून द्या. मी ठेवलंय, म्हणजे ठेवलं होतं. काका, तुम्ही हे वाचत असाल तर सभेच्या वेळी प्रोजेक्टरसाठी नेलेला तो पांढरा कन्व्हर्टर माझा आहे, आता दोन वर्षं झाली.